बिजलीच्या गाडीचा पूर्वपक्ष

मला शास्त्रार्थाची शिसारी आहे. काशीत जन्मलेल्या, रामघाटावर वाढलेल्या, घरात अग्निहोत्र पाहिलेल्या बाईने असं बोलू नये म्हणतात. म्हणोत. आता माझे केस पांढरे झाले, धाक दाखवणारं कुणी उरलं नाही, तेव्हा मला वाटतं ते मी बोलते. अजूनही कुणी विद्वान मांडी ठोकून बसला आणि घसा खाकरून "आता आमचा पक्ष ऐका" म्हणाला, की मी उठून आत जाते. आमच्या घरी ताईसाठी एक गाडी घ्यायची होती. ती का आली नाही ते सांगते, म्हणजे कळेल.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लहानपणी घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली, आणि कमरेचं हाड मोडलं. हाडवैद्याने ते बसवलं ते वाकडंच बसवलं. काठीशिवाय तिला चालता येईना. तशातच लग्न लावून दिलं. सासरच्यांनी चार महिने ठेवून घेतली आणि एका दुपारी तिची पेटी आणि तिला, दोघींना आमच्या दारात आणून सोडलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताईला पाटावर समोर बसवलं आणि संस्कृत शिकवायला सुरुवात केली. पाठशाळेतल्या मुलांना शिकवत तसंच, तितकंच कडक, चुकलं की तितकंच रागावून. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल, की हा माणूस मुलींना दाबून ठेवणारा होता. तसा असता तर मला इतकं लागलं नसतं. तसले आमच्या गल्लीत पैशाला पासरी होते.

ताईने परीक्षा दिल्या, पहिल्या नंबराने दिल्या. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, मुलींच्या शाळा नव्या नव्या निघत होत्या. शहराबाहेर छावणीच्या वाटेवर अशीच एक शाळा होती, तिला संस्कृत शिकवणारी बाई हवी होती. शाळेच्या मोठ्या बाई स्वतः आमच्या गल्लीत आल्या, लुगड्याचे काठ चिखलात भरवत आल्या, आणि ताईला नेमणुकीचं पत्र देऊन गेल्या. जुलैत शाळा उघडेल त्या सोमवारपासून रोज दहाच्या ठोक्याला हजर व्हायचं, एवढीच त्यांची अट. अण्णांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या रामघाटाला सांगून झालं. ताईने ते पत्र उशाखाली ठेवलं, आणि त्या रात्री तिला कूस बदलताना हसू येत होतं. मी शेजारीच निजत असे. माझा नवरा प्रयागला शिकायला होता म्हणून मी माहेरी होते.

आता प्रश्न होता जाण्यायेण्याचा. आमच्या गल्ल्यांमधून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं, आणि मधेच बैल बसलेला असला तर दोघांनाही. गाडी येणार कुठून? पण काठी टेकत, थांबत थांबत अर्ध्या तासात ताई सडकेपर्यंत जात असे. पुढे शाळा चार मैल. इक्क्यातून, म्हणजे एका घोड्याच्या उघड्या गाडीतून, गेलं तर धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी होतात. टांगा जरा बरा, म्हणून जूनमध्ये एक दिवस टांग्याने जाऊन पाहिलं. परत आली तेव्हा ओठ चावून चावून रक्ताळले होते, आणि दोन दिवस तिला अंथरुणावर कूस बदलता आली नाही. वैद्यांनी सांगितलं, असे हिसके रोज बसले तर ही पुन्हा उठणार नाही.

अण्णा म्हणाले, "मग आपली स्वतःची गाडी घेऊ. हिसके न बसणारी." त्यांना त्याच साली एका संस्थानातून मोठी दक्षिणा मिळाली होती, म्हणजे तीही अडचण नव्हती. त्यांनी हे मनापासून म्हटलं. मी होते तिथे.

आणि मग सुरू झालं आमच्याकडे गुणदोषांचं विवेचन. देवा रे देवा! महिनाभर रोज दुपारी आमच्या ओसरीवर पाच-सात मंडळी बसत आणि कोणती गाडी घ्यावी यावर बोलत. त्यांच्यातल्या एकाकडेही खडावांपलीकडे वाहन नव्हतं. पण घोड्यावर बोलत, चाकावर बोलत, मोटारीवर बोलत. मधेमधे पानाची पिंक टाकायला उठत आणि आमच्या पायरीच्या कोपऱ्यात टाकत. तो कोपरा रोज संध्याकाळी मी राखेने घासत असे. लाल, चिकट, वर माशा. घासताना मला वाटे, महिनाभरात या ओसरीवरून बाहेर पडलेली कामाची गोष्ट काय ती एवढीच.

पहिल्यांदा एका महाजनाची फिटन पाहिली. ती सडकेवर आणून उभी केली होती. अण्णा आणि त्यांच्याबरोबरची मंडळी घोड्याभोवती फिरली. घोड्याच्या कपाळावर किती भोवरे आहेत, ते उजवे की डावे, गळ्याखालचा भोवरा शुभ की अशुभ, यावर तासभर चर्चा चालली. घोड्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि शेपटीखाली शेण वाळलेलं होतं. ताई कडेला काठीवर हनुवटी टेकून उभी होती. ती मला हळूच म्हणाली, "पुढचा डावा पाय बघ. टेकवत नाही तो. हा माझ्याआधी खाली बसेल." मी अण्णांना सांगितलं. भोवऱ्यांवरून त्यांनी नजर पायाकडे नेली आणि म्हणाले, "खरंच की." बरोबरच्या एकाच्याही चेहऱ्यावर शरम दिसली नाही.

मग एका वकिलाची मोटर. ही पेट्रोलची. विकणारा दलाल तोंडात पान धरूनच बोलत होता आणि दर वाक्याला "मक्खन है पंडितजी, मक्खन" म्हणत होता. ड्रायव्हरने पुढे जाऊन लोखंडी दांडा फिरवला, सहा-सात वेळा फिरवला, तेव्हा ते धूड ठसकून जागं झालं. उभ्या जागी इतकं थरथरत होतं की ताईची काठी गाडीला टेकवली होती ती वाजायला लागली. गादी फाटून आतला काथ्या बाहेर आलेला, आणि काथ्यात ढेकूण. मी डोळ्यांनी पाहिले. मागून जो धूर आला त्याच्या वासाने मला भडभडून आलं आणि मी नालीशी जाऊन ओकले. ताई चौकापासून मैदागिनीपर्यंत बसून आली. उतरली तेव्हा पांढरीफटक पडली होती. दलाल म्हणाला, "बहनजी को आदत नहीं है." मला त्याच्या तोंडावर ओकावंसं वाटलं होतं.

आणि मग ती तिसरी.

शहराच्या कडेला, सिगऱ्याकडे, एक म्हाताऱ्या बंगाली बाई राहत. त्यांचे यजमान डॉक्टर होते, वारले होते. त्यांनी फार वर्षांपूर्वी कलकत्त्याहून बिजलीवर चालणारी मोटर मागवली होती. बाई आता मुलाकडे जाणार होत्या, गाडी विकायची होती. ही बातमी आणली ती आमच्या समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी. ऐंशीला आलेले, तोंडात एक दात नाही, पण ताईवर फार जीव. आम्ही नावेने अस्सी घाटापर्यंत गेलो, आणि तिथून पुढे बाईंनी ती गाडीच आम्हाला आणायला पाठवली होती.

काळी, उंच, काचा लावलेली. मला आधी वाटलं हिचा घोडा मेला आहे. दांडा फिरवणं नाही, धूर नाही, वास नाही. ड्रायव्हरने काहीतरी पुढे ढकललं आणि ती निघाली. निघाली हे घाट मागे जायला लागला तेव्हा समजलं. ताई माझ्या शेजारी बसली होती. तिने माझं मनगट धरलं होतं, हिसका बसेल म्हणून. हळूहळू तिची बोटं सैल झाली.

बंगाली बाईंनी आम्हाला सगळं नीट दाखवलं. गादीखाली आणि मागे लाकडी पेट्या, त्यांत तेजाब आणि शिशाच्या पट्ट्या. त्या बिजली साठवून ठेवतात. पेट्या नव्या घातलेल्या होत्या. रात्रभर बिजलीला जोडून ठेवलं की दुसऱ्या दिवशी शाळेला दोनदा जाऊन येईल एवढी भरते. मैदागिनीजवळ अण्णांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा छापखाना होता, तिथे नुकतीच बिजली आली होती. तो आनंदाने गाडी ठेवून घ्यायला तयार होता. सगळं जुळत होतं. "मैं खुद ही चलाती थी," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ताईला पुढे बसवलं. चाक नव्हतंच, नावेच्या सुकाणूसारखा एक दांडा होता, तो हाताने वळवायचा. पायाला फार काम नाही. ताईने बंगल्याच्या अंगणात तुळशीभोवती दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला तिने काठी खिडकीतून बाहेर काढून माझ्या हातात दिली, अडचण होते म्हणून.

त्या बाईंकडे आणखी एक गिऱ्हाईक होतं, पण त्यांना गाडी ताईलाच द्यायची होती. रविवारपर्यंत सांगा म्हणाल्या. सोमवारी शाळा उघडणार होती. अण्णा परतीच्या वाटेवर नावेत म्हणाले, "झालं. हीच." आईने त्या संध्याकाळी शिरा केला.

इथे थांबायला काय झालं होतं? कुणी नाही म्हटलं नव्हतं. गल्लीत एकानेही हरकत घेतली नव्हती. पण अण्णांना रात्रभर बसून काय सुचलं कोण जाणे, सकाळी म्हणाले, "शनिवारी सभा बोलावतो."

ताई म्हणाली, "सभा कशाला, अण्णा? कुणी काही बोललेलं नाही."

"बोलतील. आपल्या घरात अग्निहोत्र आहे. चामड्याच्या गाद्या, तेजाब, उद्या कुणी कुजबुजलं तर यजमानांच्या घरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्याआधी निर्णय हातात असू दे."

"आणि सभा नाही म्हणाली तर?"

अण्णा हसले. "शास्त्रीबुवा सिद्धांत मांडणार आहेत. आमचं बोलणं झालंय."

पूर्वपक्ष म्हणजे आधी मांडायची विरुद्ध बाजू. ती पूर्ण ताकदीने मांडायची, मग सिद्धांत करणाऱ्याने ती खोडायची आणि खरा निर्णय उभा करायचा. आमच्या पाठशाळेची एक जुनी रीत होती, की ज्याला एखादी गोष्ट हवी असेल त्यानेच तिच्याविरुद्धचा पूर्वपक्ष करावा. म्हणजे हा स्वतःच्या इच्छेमागे धावला असं कुणी म्हणणार नाही. अण्णांना या रीतीचा मोठा अभिमान. म्हणून गाडीविरुद्ध बोलणार होते अण्णा, आणि गाडीच्या बाजूने बोलणार होते शास्त्रीबुवा. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, पण हवी तर तुम्हालाच आहे ना?" तिला वेड्यात काढलं सगळ्यांनी. मीसुद्धा हसले.

शनिवारी दुपारी वीस-बावीस विद्वान जमले. आषाढातला उकाडा, बंद खोली, घाम, तपकीर, पानतंबाखू, ओल्या उपरण्यांचा आंबूस वास. बायकांना सभेत जागा नाही. ताई आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड बसलो, समोर जिलेबीचं ताट. बोलणं सगळं संस्कृतात. मला अर्धं कळत होतं, उरलेलं ताई कानात सांगत होती.

सुरुवात ठरल्यासारखीच झाली. अण्णांनी चामड्याच्या गादीचा आक्षेप घेतला. शास्त्रीबुवा म्हणाले, वर घोंगडीचं आसन घाला. अण्णांनी तेजाबाचा आक्षेप घेतला. शास्त्रीबुवा म्हणाले, पेटी बंद आहे, स्पर्शच नाही. अण्णा नुसते विचारायचे म्हणून विचारत होते, आवाजात जोर नव्हता. ताई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती आणि मला म्हणाली, "संपलं बहुतेक."

तेवढ्यात पाहुणा म्हणून आलेला एक मैथिल पंडित हसला आणि म्हणाला, "दाक्षिणात्यांचा पूर्वपक्ष असाच असतो वाटतं, हरायलाच मांडलेला?" काशीत आम्हा मराठी लोकांना दाक्षिणात्य म्हणतात. दोघे-तिघे हसले.

अण्णांनी मांडी बदलली. ताईचा हात माझ्या गुडघ्यावर होता तो घट्ट झाला. ती त्यांची शिष्या होती, त्या मांडी बदलण्याचा अर्थ तिला कळत होता. मला नव्हता कळत.

मग अण्णा बोलायला लागले, आणि आवाज बदललेला होता. म्हणाले, अग्नीची तीन रूपं. पृथ्वीवर आग, आकाशात सूर्य, आणि मधे वीज. म्हणजे बिजली हा साक्षात अग्नी. त्या अग्नीला लाकडी पेटीत कोंडायचं, त्यावर गादी घालून बसायचं आणि त्याच्या डोक्यावर पाय सोडायचे? ज्याच्या घरात अग्नी देव म्हणून पूजला जातो त्याच्या मुलीने? सभा सावरून बसली. शास्त्रीबुवा म्हणाले, बिजलीचा दिवा तर लोक लावतात. अण्णा म्हणाले, लावतात, तुडवत नाहीत. शास्त्रीबुवा म्हणाले, आगगाडीतही अग्नी असतो. अण्णा म्हणाले, तो पुढे चालतो, आपण मागे बसतो, अग्नी पुढे असावा हेच योग्य. पेट्रोलच्या मोटारीतही पुढेच. या एकाच गाडीत तो बुडाखाली आहे! यावर मोठा हशा झाला. "वा! वा!" झालं. मैथिल पंडिताने मांडीवर थाप मारली. शास्त्रीबुवा काहीतरी बोलू पाहत होते, पण त्यांना धाप लागली, ऐकूही कमी येत होतं, आणि अण्णा थांबेनात. म्हाताऱ्याला त्यांनी एकेक वाट बंद करत भिंतीपर्यंत नेलं. शेवटी शास्त्रीबुवांनी हात जोडले.

निर्णय कागदावर उतरला. पूर्वपक्ष अबाधित, वाहन अग्राह्य. ज्याने सभा बोलावली त्याची सही पहिली. अण्णांनी ती केली. बोरूचा आवाज मला दाराआडून ऐकू आला.

पाणी प्यायला ते आत आले. घामाने निथळत होते, आणि चेहऱ्यावर काय तेज! लग्नातल्या नवऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर नसेल. घटाघट पाणी प्यायले आणि ताईसमोर उभे राहून म्हणाले, "ऐकलंस? अग्नीचा मुद्दा? बसल्या बसल्या सुचला. आधी अजिबात डोक्यात नव्हता."

शपथेवर सांगते, त्यांना तिच्याकडून शाबासकी हवी होती. गाडी गेली, शाळा गेली, परवा सोमवार आहे, हे त्या माणसाच्या डोक्यात कुठेही नव्हतं. आई चुलीपुढे बसून त्यांच्याकडे बघत होती.

ताई म्हणाली, "अण्णा, घोड्यावर बसायला शास्त्राची ना आहे का?"

"नाही. का?"

"घोड्याच्या पोटात जठराग्नी असतो. माणूस घोड्यावर बसतो म्हणजे अग्नीवरच बसतो. पाय सोडून बसतो. हत्तीवर बसतो तेव्हाही. मग पेटीतल्या अग्नीवर बसल्याने दोष कसा?"

अण्णांचा तोंडाकडे नेलेला तांब्या तसाच राहिला. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांनी मनात तो मुद्दा उलटा केला, सुलटा केला, कुठे फट सापडते का पाहिली. नाही सापडली. "वा," ते म्हणाले. "वा, पोरी. हे कुणी खोडू शकणार नाही."

"मग बाहेर जाऊन सांगा. सगळे अजून बसलेत. जिलेबी जायचीय."

अण्णा दाराकडे वळले. खरंच वळले. उंबऱ्यापर्यंत गेले, बाहेर मैथिल पंडित मोठ्याने काहीतरी बोलत होता, लोक हसत होते. अण्णा तिथे थांबले. कडीवर हात ठेवून उभे राहिले, आणि मग मागे न बघता म्हणाले, "आता कसं? पूर्वपक्ष मीच जिंकला आणि मीच खोडू? सही झाली."

"मी सांगते," ताई म्हणाली आणि काठीवर जोर देऊन उठली.

ते वळले. दोन्ही हात त्यांनी चौकटीला लावले. "सभेत? तू?" मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "माझी लाज काढू नकोस. त्या मैथिलासमोर नको."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली बसली. बसायला तिला वेळ लागे, आधी काठी भिंतीला लावायची, मग एक हात जमिनीवर, मग बाकीचं. अण्णा ते सगळं होईपर्यंत दारात हात पसरून उभे होते. मग मला म्हणाले, "ताट ने बाहेर. मंडळी खोळंबलीत."

आणि मी नेलं. मी काय करू शकले असते म्हणता? ताट उपडं केलं असतं, ओरडले असते, तो मुद्दा मोडक्यातोडक्या संस्कृतात मीच ओकून टाकला असता. यातलं काही केलं नाही. वाकून वाकून वीस जणांना जिलेबी वाढली. पाकाने बरबटलेली बोटं चाटत ते अण्णांचं कौतुक करत होते आणि मी "अजून घ्या" म्हणत होते. मला अण्णांची किळस येते तेव्हा माझीही येते, हे लपवण्यात अर्थ नाही.

बंगाली बाईंना ताईने स्वतः चिठ्ठी लिहिली. तरीही त्यांनी मंगळवारपर्यंत वाट पाहिली. मग दुसरं गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं.

सोमवारी ताई टांग्याने शाळेत गेली. अकरा दिवस गेली. रोज दहाच्या आत पोचली. बाराव्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली आणि म्हणाली, "मला पाय हलवता येत नाहीये." तीन महिने ती अंथरुणावर होती. शाळेच्या मोठ्या बाई पेरू घेऊन भेटायला आल्या, तिच्या उशाशी बसल्या, तिचा हात हातात घेतला. जाताना दारात आईला त्यांनी सांगितलं, की मुलींचं नुकसान होतंय, दुसरी बाई नेमावी लागली. शास्त्रीबुवा रोज येऊन तिच्या पायथ्याशी बसत. एकदा फक्त म्हणाले, "मी त्या दिवशी जरा दमून गेलो, बाळ." निदान त्यांना दुःख झालं होतं.

अण्णा तिला मांडी घालता येईना तेव्हाही रोज शिकवायला येऊन बसत. प्रेमाने बसत. त्यांना आपलं काही चुकलं आहे असं दिसतच नव्हतं. निर्णय सभेचा, रीत पाठशाळेची, दुखणं नशिबाचं. मी एकदा तोंडावर बोलले. ते म्हणाले, "तुला शास्त्रातलं कळत नाही." तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले.

थंडी पडली. ताई भिंत धरून घरातल्या घरात चालायला लागली होती. एका रईसाच्या हवेलीत मोठी सभा होती, तिला अण्णा गेले. संध्याकाळी दिवेलागणीला परत आले ते खुशीत, खांद्यावर नवी काश्मिरी शाल. आत येऊन ती त्यांनी ताईच्या अंगावर घातली. मला वाटलं, देवाने बुद्धी दिली.

"तुझीच आहे ही," ते म्हणाले. "आज तिथे बिजलीवरून वाद निघाला. देवळात बिजलीचा दिवा लावावा की नाही, तिथून निघाला तो वाहनांवर गेला. तोच मैथिल होता. मी जठराग्नीचा मुद्दा मांडला. एकालाही उत्तर देता आलं नाही. सभेने निर्णय दिला, बिजलीच्या वाहनाला दोष नाही."

ताईने विचारलं, "मुद्दा कुणाचा ते सांगितलंत?"

"सभेत असं सांगायची पद्धत नसते."

"मग आता गाडी घ्यायला हरकत नाही."

अण्णा हसले. तिची थट्टा आवडल्यासारखे हसले. "आता कुठली गाडी, आणि कुठे जायचंय तुला?" म्हणाले, आणि हातपाय धुऊन पाटावर येऊन बसले. आई देवळात गेली होती. मी वाढायला उठले नाही. उठणारच नव्हते.

ताईने शाल काढली, नीट घडी करून त्यांच्या पाटाशेजारी ठेवली, आणि भिंतीला धरून उठली. चुलीपासून पाटापर्यंत सात-आठ पावलं. भाताचं भांडं एका हातात, दुसरा हात भिंतीवर. मधे दोनदा थांबली. अण्णा पान पुढे ओढून हात आखडून बसले होते, भात यायची वाट पाहत.